वाचक विचारतात : पाकिटातल्या ‘ॲपल पाय’मध्ये सफरचंद किती?

इंदूरच्या किराणा दुकानांत खारी आणि टोस्टच्या शेजारी आता मैद्याच्या पारीत फळांचं सारण भरून भाजलेले छोटे ‘पाय’ दिसू लागले आहेत. सफरचंद, अननस, मिश्र फळं असे त्यांचे प्रकार असतात आणि पाकिटावर रसरशीत फळाचं चित्र असतं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच याच खाऊबद्दल आहेत. बहुतेक प्रश्नांचं उत्तर पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं, पण तिथला हिशोब अर्धाच मांडलेला असतो. उरलेला अर्धा आपल्याला करावा लागतो.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा नातू आठवड्यातून तीन-चार वेळा डब्यात ॲपल पाय नेतो. सून म्हणते, बिस्किटापेक्षा बरं, निदान पोटात फळ तरी जातं. मी पाकिटामागचा मजकूर उतरवून पाठवते आहे. निव्वळ वजन ८० ग्रॅम, पाकिटात एकच पाय. घटक : फ्रूट फिलिंग ४५% (साखर, सफरचंदाचे तुकडे ३०%, पाणी, लिक्विड ग्लुकोज, स्टार्च १४२२, आम्लता नियंत्रक ३३० व ३३१, परिरक्षक २०२), मैदा, खाद्य वनस्पती स्निग्धांश (पाम), साखर, मीठ, इमल्सिफायर ३२२ व ४७१. दर १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ३६६ किलोकॅलरी, कर्बोदके ५२ ग्रॅम, एकूण साखर २६, वरून घातलेली साखर २३, प्रथिने ३.५, स्निग्ध पदार्थ १६, संपृक्त ८, ट्रान्स ०.१ ग्रॅम, सोडियम २२० मिलिग्रॅम. एक सर्व्हिंग ४० ग्रॅम. यात फळ नक्की किती? – एक आजी, सुदामा नगर

उत्तर : आजी, तुम्ही लेबल एकही शब्द न गाळता उतरवलंत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतं.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, हा नियम आहे. सारणाच्या कंसात साखर पहिली आहे आणि सफरचंद दुसरं. म्हणजे सारणात सफरचंदापेक्षा साखर जास्त आहे, हे आकडा न बघताही कळतं. नावात किंवा चित्रात ज्या घटकाचा गाजावाजा केलेला असतो, त्याची टक्केवारी देणंही बंधनकारक आहे. म्हणूनच तो ३०% चा आकडा तिथे आहे.

मात्र हे ३० टक्के कशाचे? कंपन्या हे दोन तऱ्हांनी लिहितात. कुणी सारणातलं प्रमाण देतं, कुणी संपूर्ण पायमधलं. तुमच्या लेबलवर ते स्पष्ट लिहिलेलं नाही, तरी ताडून पाहता येतं. हे ३० टक्के संपूर्ण पायचे असते, तर साखर त्याहून जास्त हवी आणि दोन्ही मिळून ६० टक्क्यांच्या वर गेली असती. पण सारणच सगळं मिळून ४५ टक्के आहे. तेव्हा हे ३० टक्के सारणाचेच. आता ४५ चे ३० टक्के म्हणजे साडेतेरा टक्के. ८० ग्रॅमच्या पायमध्ये सफरचंद आलं सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे बारीक चिरलेल्या फोडींचे जेमतेम दोन चमचे. मध्यम सफरचंदाचा गर साधारण १५० ग्रॅम भरतो. असे तेरा-चौदा पाय खाल्ले, तर त्यांत मिळून एक सफरचंद पोटात जाईल.

एवढ्याशा सफरचंदातून तंतू मिळतो पाव ग्रॅमच्या आसपास. क जीवनसत्त्व सफरचंदात मुळातच थोडं, १०० ग्रॅमला ५ मिलिग्रॅमच्याही खाली, आणि शिजवताना-भाजताना तेही घटतं.

आता सर्व्हिंगकडे या. पाकिटात पाय एक आणि सर्व्हिंग ४० ग्रॅमची, म्हणजे अर्धा पाय. अर्धा पाय खाऊन उरलेला गुंडाळून ठेवणारं मूल आम्हाला माहीत नाही. दैनंदिन गरजेची टक्केवारी सर्व्हिंगनुसार छापलेली असते, म्हणून ती निम्मी दिसते. तुम्ही १०० ग्रॅमचे आकडे घ्या आणि ०.८ ने गुणा. अख्ख्या पायमध्ये ऊर्जा २९३ किलोकॅलरी, वरून घातलेली साखर १८.४ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १२.८ ग्रॅम, त्यांतले संपृक्त ६.४ ग्रॅम आणि सोडियम १७६ मिलिग्रॅम.

लेबलवरची टक्केवारी २००० किलोकॅलरीच्या प्रौढ आहारावर काढतात. त्यात दिवसाला स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, संपृक्त २२, ट्रान्स २, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम धरलेलं असतं. त्या मापानं एका पायमध्ये साखरेचा ३७ टक्के आणि संपृक्त स्निग्धांचा २९ टक्के वाटा संपतो. तुमच्या नातवाची गरज २००० नाही, या वयाला ती १७०० च्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मोकळ्या साखरेसाठी (वरून घातलेली, शिवाय मध-रसातली साखर) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि जमल्यास ५ टक्क्यांवर आणा असं सुचवलं. १७०० चे ५ टक्के म्हणजे साधारण २१ ग्रॅम साखर. त्यातली १८ एका पायमध्येच आली. मग सकाळचं दूध-साखर, संध्याकाळचं सरबत आणि रविवारच्या पोह्यांसोबतची जिलबी यांना जागा कुठे उरली?

लेबलचे आकडे आपसांत जुळतात का, हेही तपासून पाहावं. कर्बोदकं आणि प्रथिनं यांना ४ ने गुणा, स्निग्ध पदार्थांना ९ ने. इथे २०८, १४ आणि १४४, बेरीज ३६६. जुळलं. चार-पाच किलोकॅलरींचा फरक चालतो, पण तीस-चाळीसचा पडला तर छापलेल्यापैकी काहीतरी चुकलेलं आहे.

सूनबाईंना सांगायचं तर एवढंच सांगा की हा पाय फळाच्या खात्यात न धरता मिठाईच्या खात्यात धरावा. बर्फी आपण रोज डब्यात देत नाही, तसाच हाही पंधरा दिवसांतून एखादा द्यावा आणि त्या दिवशी दुसरं गोड टाळावं. सीबीएसईनं २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं आहे. नातवाच्या शाळेत तसा फलक असेल तर हे ०.८ चं गणित त्याच्याकडूनच करून घ्या. या वयात गुणाकार येतो, आणि स्वतः काढलेलं उत्तर मुलं सहसा विसरत नाहीत.

प्रश्न : मी घरी कॉर्नफ्लोअर घालून सफरचंदाचं सारण करते, तर दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं आणि पारी सादळते. पाकिटातलं सारण मात्र महिनोन्‌महिने तसंच घट्ट आणि चकचकीत राहतं. त्यात असं काय घालतात? आणि हे आकडे असलेले पदार्थ म्हणजे सगळी रसायनंच ना? – एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : मुरांब्याचा विचार करा. तो वर्षभर टिकतो तो पाकामुळे. दाट पाकात पाणी असतं, पण साखरेनं ते धरून ठेवलेलं असतं. बुरशीला आणि जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं, ते तिथे मिळत नाही. पाकिटातल्या पायचं सारणही असंच बांधलेलं असतं.

इथे साखरेला आणखी एक काम आहे. सारण ओलं आणि पारी कोरडी, दोन्ही महिनोन्‌महिने एकमेकांना चिकटून राहणार. मोकळं पाणी जिथे जास्त तिथून ते कमी असलेल्या बाजूला सरकत राहतं. सारणातलं पाणी साखरेनं बांधलेलं नसेल, तर ते पारीत उतरतं, पारी लिबलिबीत होते आणि मागोमाग बुरशी येते. म्हणून कारखान्यात सारणात साखर आणि लिक्विड ग्लुकोज भरपूर घालतात. ग्लुकोजचा पाक साखरेपेक्षा कमी गोड असतो आणि साखरेचे खडे होऊ देत नाही, त्यामुळे सारण चकचकीत राहतं. एवढी साखर जिभेसाठी लागत नाही. ती टिकवण्यासाठी लागते, म्हणूनच ‘कमी साखरेचा पण सहा महिने टिकणारा’ फळांचा पाय बनवणं अवघड असतं.

तुमच्या सारणाला पाणी सुटतं ते साध्या कॉर्नफ्लोअरमुळे. कॉर्नफ्लोअर शिजलं की फुगून पाणी धरतं, पण गार झाल्यावर त्यातले धागे पुन्हा जवळ येतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर काढतात. आंबट फळात किंवा फार वेळ ढवळत राहिल्यास ते आणखी लवकर फुटतं. १४२२ हे याच स्टार्चचं सुधारित रूप. त्याच्या साखळ्या मधूनमधून एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून आम्ल, भट्टीची उष्णता आणि नंतरचा गारवा हे सगळं ते सोसतं. ते पचतं स्टार्चसारखंच आणि कॅलरीही तेवढ्याच देतं.

आकड्यांना सरसकट घाबरण्याचं कारण नाही. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ४४० म्हणजे पेक्टिन, जे लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात आणि ज्याच्यामुळे पेरूची जेली आपोआप धरते. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेकदा सोयाबीनचं. सोयाची ॲलर्जी असलेल्यांनी ते पाहावं. २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट. ते बुरशी रोखतं, पण आंबट पदार्थातच नीट काम करतं, म्हणून त्याच्या जोडीला ३३० असतंच.

लक्ष द्यायचं ते रंगांकडे. अननसाच्या किंवा मिश्र फळांच्या सारणात १०२ (टार्ट्राझिन), ११० (सनसेट यलो) किंवा १२२ (कार्मोझिन) दिसले, तर फळाचा रंग अपुरा पडला असं समजायचं. युरोपीय संघात २०१० पासून या तिन्ही रंगांच्या पाकिटांवर मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. आपल्याकडे हे रंग ठरलेल्या मर्यादेत चालतात. तरीही दोन पाकिटं समोर असतील तर बिनरंगाचं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. दम्याच्या रुग्णांनी २२० ते २२८ हे सल्फाइटचे आकडे पाहावेत. सुकवलेल्या फळांचा रंग टिकवायला आणि मैद्याची कणीक सैल करायला ती वापरतात, आणि काहींना त्यानं दम उसळतो. किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते ॲलर्जीच्या ओळीत लिहावंच लागतं.

प्रश्न : पाकिटावर ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द नाही आणि ट्रान्स फॅट जवळजवळ शून्य आहे. मग यातल्या तुपा-तेलाची काळजी करायची का? – एक वाचक, रामबाग

उत्तर : ट्रान्स फॅटची काळजी पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे पूर्वी ५ टक्क्यांची मर्यादा होती. १ जानेवारी २०२१ पासून ती ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. हे प्रमाण पदार्थातल्या एकूण तेला-तुपाच्या वजनावर मोजतात.

काळजी आता संपृक्त स्निग्धांची करायची. करंजीत थर सुटावेत म्हणून आपण साटा लावतो. तो पातळ तेलाचा करून चालत नाही, घट्ट तूपच लागतं, कारण ते पारीच्या मध्ये थर धरून राहतं. पायच्या पारीलाही असंच घट्ट स्निग्ध हवं. पूर्वी हे काम वनस्पती तूप, म्हणजे हायड्रोजनेटेड तेल, करायचं आणि ट्रान्स फॅट तिथूनच यायचं. आता बहुतेक ठिकाणी पाम तेल आणि त्याचा घट्ट भाग वापरतात, किंवा ‘इंटरएस्टरिफाइड’ स्निग्ध वापरतात, ज्यात मेदाम्लांच्या जागा बदलून हवा तसा घट्टपणा आणलेला असतो. या पद्धतीत ट्रान्स फॅट तयार होत नाही, पण पाम तेलात मुळातच जवळपास निम्मा भाग संपृक्त असतो आणि तो तसाच राहतो. म्हणून ट्रान्सच्या ओळीवरचं शून्य बघून थांबू नका, वरची संपृक्तची ओळ वाचा. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी १०० ग्रॅमला ८ ग्रॅम संपृक्त असलेला पाय सवयीनं खाऊ नये.

प्रश्न : मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. मुलगा ‘शुगर फ्री’ पाय आणून देतो. खाल्ला तर चालेल का? – एक वाचक, जेल रोड

उत्तर : काका, ‘शुगर फ्री’मधून साखर गेली, मैदा गेला नाही. पहिल्या पत्रातल्या साध्या पायमध्ये ४१.६ ग्रॅम कर्बोदकं आहेत, साधारण अडीच फुलक्यांइतकी. साखरमुक्त पायमध्येही पारीचा मैदा आणि सारणातला स्टार्च तेवढाच असतो, आणि त्या दोन्हींचं पोटात ग्लुकोजच होतं.

साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल (९६५) किंवा सॉर्बिटॉल (४२०) घालतात. साखरेला ग्रॅममागे ४ किलोकॅलरी धरल्या तर माल्टिटॉलला दोन-सव्वादोन पडतात. ते रक्तातली साखर थोडी वाढवतंच, फक्त हळू. शिवाय मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, म्हणून जास्त खाल्लं तर पोट फुगतं आणि जुलाब होतात. हे पदार्थ १० टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर पाकिटावर तशी सूचना छापलेली असते.

दोन शब्दांत गल्लत करू नका. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही, फळाची स्वतःची आहे. दोन्हींत ‘कर्बोदके’ ही ओळ वाचायची आणि तिला पाकिटाच्या वजनानं गुणून १०० नं भागायचं. खायचाच असेल तर अर्धा खा, जेवणातला एक फुलका कमी करा आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. तो आकडाच तुम्हाला खरं उत्तर देईल. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनानं वाढवू मात्र नका.

आणखी एक गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. साखर एकदम उतरून घाम-थरथर सुटली, तर हाताशी आहे म्हणून पाय किंवा चॉकलेट खाऊ नका. त्यातल्या स्निग्धांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

प्रश्न : फळांचाच आहे म्हणून चतुर्थीला ॲपल पाय चालेल का? आणि हिरवा ठिपका असला म्हणजे अंडं नाही, हे नक्की ना? – दोन मैत्रिणी, मल्हारगंज

उत्तर : उपासाला नाही चालणार. पारी मैद्याची, म्हणजे गव्हाची, आणि सारणातला स्टार्च बहुधा मक्याचा.

अंड्याबद्दल : हिरव्या चौकटीत भरीव हिरवा ठिपका असेल तर त्यात अंडं, जिलेटिन असं काही नाही. मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. नुसतं अंडं असेल तरी तोच त्रिकोण असतो, आणि त्यात फक्त अंडं आहे असा खुलासा उत्पादक बाजूला देऊ शकतो. परदेशातून आलेल्या पाकिटांवर वरून चिकटवलेली पट्टी वाचा. पायच्या पारीला तकाकी यावी म्हणून तिकडे वरून अंडं फासण्याची रीत आहे.

प्रश्न : मे महिन्यात आणलेल्या पाकिटाच्या आतल्या कागदावर तेलाचे डाग होते आणि पारी मऊ झाली होती. दुसऱ्या एका पाकिटात मुदत संपायच्या आधीच बुरशी निघाली. बुरशीचा भाग काढून बाकीचा खाल्ला तर? – एक वाचक, विजय नगर

उत्तर : दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. तेलाचे डाग उन्हाचे. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, कारखान्यात वापरलं जाणारं स्निग्ध त्याहून थोडं वर. इंदूरचा मे चाळिशी ओलांडतो आणि टेम्पोत किंवा पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त तापतं. वितळलेलं स्निग्ध पाझरतं आणि रात्री पुन्हा थिजतं, पण थर परत बसत नाहीत. असा पाय खाऊन सहसा बाधत नाही, मात्र खवट वास आला तर टाकून द्या. उन्हाळ्यात दुकानाच्या दर्शनी काचेला लागून ठेवलेलं पाकीट घेऊ नका.

बुरशीची गोष्ट निराळी. ती दिसते तेवढीच नसते. सारणासारख्या मऊ, ओल्या पदार्थात तिचे तंतू खोलवर गेलेले असतात. सगळा पाय फेकून द्या, हुंगूनही पाहू नका. मुदतीच्या आत बुरशी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पाकिटाच्या शिवणीत राहिलेलं बारीक छिद्र, किंवा पाय पुरता गार व्हायच्या आधी केलेलं पॅकिंग. गरम पायची वाफ आत थेंब होऊन बसते, त्या थेंबाजवळ साखर पातळ होते आणि बुरशीला तेवढं मोकळं पाणी पुरतं. घेताना पाकीट हलकेच दाबून पाहा. हवा निसटत असेल तर ते घेऊ नका. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ची तारीख बंद पाकिटासाठी असते. उघडल्यावर पाय हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

तक्रार करायची असेल तर बिल, पाकीट, बॅच क्रमांक आणि १४ आकडी परवाना क्रमांक जपून ठेवा. पायचा फोटो काढा आणि पाय पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा निःशुल्क क्रमांक १८००-११२-१०० आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या ४० व्या कलमानुसार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेण्याचा हक्क ग्राहकालाही आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं.

प्रश्न : पाकिटातला नको तर घरी ओटीजीमध्ये कसा करावा? माझी खालची पारी दरवेळी कच्ची राहते. – एक वाचक, स्नेहनगर

उत्तर : २० सेंटिमीटरच्या टिनसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, पाव चमचा मीठ आणि बर्फाचं पाणी तीन ते चार मोठे चमचे घ्या. सारणाला सोलून-चिरून ४०० ग्रॅम भरतील इतकी सफरचंदं, म्हणजे साधारण अर्धा किलो, आणि ४० ग्रॅम साखर, १२ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, थोडी दालचिनी.

लोणी कडक गार हवं. त्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा आणि ज्वारीच्या दाण्याएवढे कण दिसू लागले की थांबा. पूर्ण एकजीव केलंत तर थर सुटत नाहीत. पाणी शिंपडून गोळा जेमतेम जमवा. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर मैद्याला ताण चढतो आणि भाजताना पारी टिनच्या कडेवरून आत आखडते. गोळा झाकून ४५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात मैदा आणि परातही आधी गार करून घ्या.

सफरचंदाचे सेंटिमीटरभर तुकडे साखर लावून अर्धा तास ठेवा. सुटलेला रस गाळून घ्या, त्यात कॉर्नफ्लोअर कालवा आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा. गॅस बंद केल्यावरच लिंबू पिळा, कारण आधी पिळलंत तर आम्लानं स्टार्च फुटून रस पुन्हा पातळ होतो. मग फोडी मिसळून सारण पूर्ण गार करा. लाल डिलिशस जातीचं सफरचंद शिजल्यावर पिठूळ होतं, घट्ट आणि आंबटसर फळ चांगलं.

खालची पारी कच्ची राहते त्याची कारणं सहसा दोन. एक, सारण गरम असताना भरणं, ज्यानं लोणी भट्टीत जाण्याआधीच वितळतं. दुसरं, पारी आधी भाजून न घेणं. दोन तृतीयांश गोळा लाटून टिनमध्ये बसवा, काट्यानं टोचा, वर बेकिंग पेपर पसरून मूठ-दोन मुठी कोरडा राजमा ठेवा आणि २०० अंशांवर १५ मिनिटं भाजा. राजमा काढून पाच मिनिटं आणखी. मग सारण भरा, उरलेल्या गोळ्याच्या पट्ट्या वर लावा आणि १९० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजा. पहिली दहा मिनिटं फक्त खालची सळई चालू ठेवा. बाहेर काढल्यावर दोन तास कापू नका. सारण त्याच वेळात आळतं. गरम कापलं की वाहतं आणि मग दोष उगाच कॉर्नफ्लोअरला जातो.

हिवाळ्यात हातगाड्यांवर पेरू आले की पेरूचा करून बघा. बियांचा मधला भाग काढून टाका आणि कॉर्नफ्लोअर ७ ग्रॅमच घ्या. पेरूत पेक्टिन भरपूर असतं आणि रसही कमी सुटतो.

या पायचे आठ तुकडे केले तर एकात सफरचंद ५० ग्रॅम, वरून घातलेली साखर ५ ग्रॅम आणि ऊर्जा २३० किलोकॅलरीच्या आसपास. साखर पाकिटातल्यापेक्षा खूपच कमी, फळ चौपटीच्या वर. पण संपृक्त स्निग्ध साडेसहा ग्रॅमच्या घरातच येतं, कारण लोणी लोणीच असतं, घरचं असो की बाजारचं. ते कमी करायचं तर खालची पारी सोडून द्या. सारण थेट काचेच्या भांड्यात भरा आणि १०० ग्रॅम मैदा व ५० ग्रॅम लोण्याची एकच पारी वर झाका. संपृक्त निम्म्यावर येतं आणि खालची पारी कच्ची राहण्याचा प्रश्नही उरत नाही.